अंगावरचं माप

रखमाजीरावांच्या तेराव्याला पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी त्यांची आठवण काढली. म्हणाले, "जन्मभर लोकांची मापं घेतली, पण कधी चुकले नाहीत. चुकले ते एकदाच. सायकलच्या फोर्कचं माप घेताना." समोरच्या रांगेतले दोघेतिघे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. गेलेल्या माणसाची एखादी फजिती सांगून त्याला पंगतीत बसवून घेण्याची आपली रीतच आहे. मीही मान हलवली आणि पानातली चिरोटी मोडत बसलो.

फोर्कचं माप चुकलेलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि त्याआधीही. हे माहीत असलेला दुसरा माणूस ज्याच्या तेराव्याला आम्ही जेवत होतो तोच. म्हणजे आता मी एकटा उरलोय, आणि माझंही वय असं आहे की सांगायचं ते सांगून टाकलेलं बरं.

लष्कर मोहल्ल्यात भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत त्यांचं शिलाईचं दुकान. बेताची उंची, सडपातळ अंग, गळ्यात टेप. ती टेप ते झोपतानाच काढत असावेत. रस्त्यात कुणी भेटलं की आधी त्याच्या खांद्यांकडे बघायचे, मग तोंडाकडे. "तो डाव्या खांद्यात उतरलेला माणूस आहे ना, त्याच्या मुलीचं लग्न ठरलं," असं सांगायचे. नाव विचारलं तर म्हणायचे, "नाव कशाला? कोटाला नाव लागत नाही."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून म्हैसूरचं. घरात मराठी आणि दुकानात कन्नड, असं ते सांगायचे, पण खरं म्हणजे दोन्हीकडे दोन्ही. गप्प राहा म्हणायचं असलं की 'सुम्ने', एखादी गोष्ट सोडून द्यायची असली की 'होगली', आणि बरं म्हणायला 'सरी'. आमच्याही घरात तेच. फक्त आमचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेतले, म्हणून ते मला सरदार म्हणायचे. "काय सरदार, घोडा कुठे बांधलात?" हा त्यांचा नमस्कार. माझी सगळी नोकरी बेळगोळच्या एका कारखान्यात भांडारात गेली आणि मी आयुष्यात तलवार सोडा, ऊस तोडायचा कोयताही धरला नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

माप घेण्याची त्यांची पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की ते छाती काढून, पोट आत ओढून ताठ उभं राहतं. रखमाजीराव टेप न उचलता म्हणायचे, "विटेवरच्या विठ्ठलासारखे उभे राहू नका. दिवसभर असेच असता का तुम्ही? चला, बाहेर त्या खांबापर्यंत जाऊन या." माणूस खांबापर्यंत जाऊन यायचा. मग त्याला स्टुलावर बसवायचे, बोलण्यात गुंतवायचे, आणि श्वास सुटला, पोट मूळ जागी आलं की टेप लावायचे. "कापड रिकाम्या माणसाला घालायचं नसतं. माप अंगावरचं घ्यायचं, अंगात माणूस असताना."

दिलेला कपडा घट्ट झाला म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माप बरोबर आहे. तुम्ही बदललात." वकील असो, डॉक्टर असो, आमच्या विठ्ठल मंदिराचे पुजारी असोत, सगळ्यांना हेच. पुजाऱ्यांना तर म्हणाले होते, "देवाला नैवेद्य दाखवता की देवाच्या वतीने तुम्हीच बघता?" पण वाक्य बोलून झालं की कपडा ठेवून घ्यायचे आणि सैल करून द्यायचे. कारण प्रत्येक शिवणीच्या आत त्यांनी दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं असायचं. शिंपी त्याला माया म्हणतात. हल्लीचे कारागीर ती ठेवत नाहीत, कापड वाचवतात. रखमाजीराव त्यांना नावं ठेवायचे.

असं असलं तरी ते चुकत नव्हते असं नाही. चूक कबूल करत नव्हते. माझ्या सायकलच्या सीटला त्यांनी एकदा सुटाच्या उरल्यासुरल्या कापडाचं कव्हर शिवून दिलं. फार सुबक. पण कापड इतकं गुळगुळीत की ब्रेक मारला की मी पुढे घसरायचो.

"शिवण बघा, शिवण," ते म्हणाले.

"शिवण छान आहे हो. पण मी दांडीवर येऊन बसतोय."

"मग ब्रेक कमी मारा."

पुढच्या आठवड्यात गुपचूप कॉर्डरॉयचं कव्हर आलं. आधीचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, "ते उन्हाळ्याचं होतं."

सायकलींचं असं झालं की त्यांचा नातू नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची डोंगरी सायकल, माउंटन बाइक, जिन्यात अडून बसली. तिची अडचण होते म्हणून हे ती चालवायला लागले. मला साखर निघाली म्हणून माझ्या मुलाने मलाही तसलीच घेऊन दिली, फक्त माझ्या उंचीला मोठी. आम्ही दोघे सकाळी निघायचो. रिंगरोडने हिनकल, तिथून वळसा घेऊन बेळगोळच्या रस्त्याला, कालव्याच्या पुलावर थांबून चहा, आणि परत. सायकली डोंगरी, पण डोंगराशी आमचा संबंध चामुंडीच्या पायथ्याला एकदा भजी खाल्ली तेवढाच.

पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं तो सायकलचा फोर्क. डोंगरी सायकलींच्या फोर्कमध्ये स्प्रिंगा असतात, दगडगोट्यांवर आपटलं तर हाताला धक्का बसू नये म्हणून. रखमाजीरावांच्या सायकलचा फोर्क जिन्यात राहून गंजला होता. एक पाय दबायचा, दुसरा अडायचा. चढावर उभं राहून पायडल मारलं की पुढचा भाग नुसता डोलायचा. ते म्हणायचे, "भिजलेल्या गादीवरून चालतोय असं वाटतं. मी खाली जातोय, सायकल पुढे जात नाही."

मोहल्ल्यातल्या सायकलवाल्या अन्वरभाईंनी तसलाच नवा स्प्रिंगवाला फोर्क सुचवला. रखमाजीरावांनी विचार करायला वेळ मागितला. तो वेळ पुढे पावसाळाभर चालला. "आपण रस्त्यावर चालवतो. खड्डे किती? तेवढ्यासाठी गादी घेऊन फिरायचं? जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली तर तेच काम होतं." म्हणजे बिनस्प्रिंगचा, साधा लोखंडी फोर्क हवा. अन्वरभाईंनी साध्या सायकलचा एक फोर्क होता तो बसवून दिला. चक्कर मारून रखमाजीराव दोन मिनिटांत परत.

"पुढून आखूड झालं," ते म्हणाले.

खरंच सायकलचं नाक खाली गेलं होतं. साधा फोर्क उंचीला कमी. त्यामुळे हँडल हलकं होऊन जरा हात हलला की वळायचं, आणि पायडल गतिरोधकाला घासायचं. मग स्प्रिंगवाल्याच्या उंचीचा साधा फोर्क मागवायचा ठरलं. अन्वरभाईंनी जुना फोर्क पुन्हा चढवला, त्यातल्या त्यात मोकळा करून, आणि उंची मोजायला पट्टी लावली.

"थांबा," रखमाजीराव म्हणाले. "रिकाम्या सायकलचं माप घेऊ नका."

ते भिंतीला एक हात टेकवून सायकलवर बसले, दोन्ही पाय पायडलवर. गळ्यातली टेप काढून माझ्याकडे दिली. "सरदार, बसा खाली. चाकाच्या आसापासून फोर्कच्या खांद्यापर्यंत मोजा. आणि लवकर मोजा, माझा हात भरतोय."

मी रस्त्यात गुडघ्यांवर बसून मोजलं. त्यांच्या वजनाने स्प्रिंग दबली होती, आणि आकडा रिकाम्या सायकलपेक्षा दोन बोटं कमी आला. "हे माझं माप," ते उतरत म्हणाले. अन्वरभाई हसत म्हणाले, "अण्णा, याला शर्टाच्या कॉलरचंही माप घ्या." पण त्यांनीही तोच आकडा लिहून घेतला. त्या उंचीचा, डिस्क ब्रेक बसवायला जागा असलेला लोखंडी फोर्क नातवाने बंगळूरहून शोधून पाठवला.

तो आला तेव्हा आणखी एक वाद. फोर्कची वरची नळी सायकलच्या मानेतून वर येते आणि तिला हँडल बसतं. नवी नळी मुद्दाम लांब देतात आणि आपल्या सायकलप्रमाणे कापून घेतात. रखमाजीराव कापू देईनात.

"पुढे दुसऱ्या सायकलला लावायचा झाला तर? कापलेलं परत जोडता येतं का? माया राहू द्या."

"अण्णा, वाईट दिसतं," अन्वरभाई म्हणाले.

"मी वर बसणार. मला कुठे दिसतं?"

शेवटी हँडलच्या वर नळी तशीच उभी राहिली आणि तिच्यावर अन्वरभाईंनी एकावर एक कड्या चढवून टोपी घातली. मंदिरात एकादशीला लोकांनी ती पाहिली आणि विचारलं, "रखमाजण्णा, हे धुराडं कसलं?" ते म्हणाले, "चहा होतो वरती."

सायकल मात्र छान झाली. पहिल्या दिवशी बेळगोळच्या चढावर ते माझ्या पुढे गेले, आणि पुलावर बसून माझी वाट बघत राहिले. मी पोचल्यावर चहावाल्याला म्हणाले, "सरदारांना साखर कमी."

आता ते पडले त्या दिवसाचं.

पाऊस होऊन गेला होता, पण रस्ता वाळला होता. बेळगोळच्या रस्त्यावर माझ्या जुन्या कारखान्याचं फाटक लागतं. मी त्यांच्या बाजूने, अगदी जवळून चालवत होतो. जवळून चालवू नका, असं ते मला नेहमी सांगायचे. फाटकाला नवा रंग दिलेला दिसला आणि मला बोलण्याची घाई झाली. मी डावा हात सोडून फाटकाकडे बोट केलं. एका हाताने धरलेलं हँडल वळलं आणि त्यांच्या हँडलात अडकलं. मी कसाबसा पाय टेकवून उभा राहिलो. ते खांद्यावर पडले.

खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात त्यांची सून सरोजा धावत आली. काय झालं, असं तिने माझ्याकडे बघून विचारलं. मी तोंड उघडलंच होतं. पलंगावरून रखमाजीराव म्हणाले, "नवा फोर्क. मापात थोडी गडबड झाली. हँडल एकदम वळलं." सरोजा म्हणाली, "मामा, मी तेव्हाच म्हणत होते, जुन्यासारखाच घ्या म्हणून." ते म्हणाले, "हो गं. चुकलंच."

ते 'चुकलंच' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.

सरोजा औषधं आणायला गेली तेव्हा मी म्हटलं, "हे काय केलंत? मी सांगतो तिला."

"सुम्ने बसा, सरदार. माझी सायकल आता गेलीच. तुमच्या मुलाला कळलं की तुमची चूक, तर तुमचीही जाईल. दोन कशाला? एक तरी रस्त्यावर राहू दे. मला रस्त्याची खबर कोण देणार?"

मी बसलो. त्यांच्यासाठी बसलो असं तेव्हा मनाला सांगितलं.

हाड जुळलं, पण खांदा पूर्वीसारखा झाला नाही. मोठी कात्री उचलवेना, कापायचं काम मुलाकडे गेलं आणि यांच्याकडे टेप आणि खडू राहिले. मंदिरात भजन संपल्यावर कुणीतरी हमखास म्हणायचं, "रखमाजण्णा, पँट शिवायला टाकतोय. माप फोर्कसारखं घेऊ नका हं." ते सगळ्यांबरोबर हसायचे. मी शेजारी टाळ घेऊन बसलेला असायचो.

आणि सायकलचं? मी एकदा निघालो होतो. हिनकलच्या अलीकडे एक बस बाजूने गेली आणि मी उतरलो. सायकल हातात धरून चालत घरी आलो. पुन्हा गेलो नाही. मुलाला सांगितलं की गुडघे दुखतात. खरं सांगायचं तर मला आधीपासूनच थकवा यायचा, आणि त्यांच्यासमोर ते कबूल करायची लाज वाटायची. ते पडले आणि माझी सुटका झाली. एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पण ते विचारायचे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "रस्ता काय म्हणतो?" मग मी सांगायचो. आमचा दूधवाला बेळगोळकडचा. त्याला मी आदल्या दिवशी सगळं विचारून ठेवायचो. हिनकलला खोदलंय, पुलावरच्या चहावाल्याने छप्पर बदललं, भाताची लावणी सुरू झाली. रखमाजीराव डोळे बारीक करून ऐकायचे. "गतिरोधक नवीन केलाय का? किती उंच? तुमचं पायडल लागतं का?" मी म्हणायचो, नाही लागत.

तेराव्यानंतर सरोजाने मला घरी बोलावलं आणि सुटाच्या कापडात गुंडाळलेला फोर्क दिला. "मामांनी सांगून ठेवलं होतं, काकांना द्यायचा." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने फोर्कवरचं सुटलेलं कापड नीट केलं. मग म्हणाली, "काका, हे मला नको, मंदिरातल्यांना सांगा. तेच हसतात." तोंडी सांगताना मी स्वतःला सांभाळून घेईन अशी भीती वाटली, म्हणून हे लिहितोय. दर एकादशीला भजनानंतर कुणी ना कुणी काहीतरी वाचतं. या वेळी मी वाचेन.

फोर्क अन्वरभाईंनी माझ्या सायकलला बसवला. माझ्या सायकलची मान लांब, नळी कापलेली असती तर पुरली नसती. पुरली, आणि वर एक कडी उरली. हल्ली मी हिनकलपर्यंत जातो आणि परत येतो. हँडल सरळ चालतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या दुकानात. एक पँट कमरेला होत नव्हती, ती घेऊन गेलो होतो. त्याआधी एकदा त्यांनीच ती सैल करून दिली होती. मला खांबापर्यंत चालायला लावलं नाही. स्टुलावर बसवलं आणि उजवा खांदा सांभाळत कमरेला टेप लावली. टेपवरचा आकडा त्यांनी बघितला. मग आणखी थोडा वेळ बघत राहिले. मी आणलेल्या पँटच्या बसायच्या जागेवर, जिथे सायकल चालवणाऱ्याचं कापड झिजून चमकतं, तिथून त्यांनी अंगठा फिरवला. तिथलं कापड नव्यासारखं होतं.

मी त्यांच्या वाक्याची वाट पाहत होतो. माप बरोबर आहे, तुम्ही बदललात. ते वाक्य त्यांनी कुणालाच चुकवलं नव्हतं.

त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि खडूने खूण केली. "आत थोडी माया आहे अजून. होईल."

मग म्हणाले, "माझा फोर्क तुम्ही घ्या, सरदार. नळी कापलेली नाही, तुमच्या सायकलला बसेल. सरोजा हँडलवर टॉवेल वाळत घालते, सायकलला बरं वाटत नसणार."

"बघू की, पुढे."

"सरी, पुढे." मग त्यांनी विचारलं, "बेळगोळच्या कालव्याला पाणी सोडलं का?"

त्या आठवड्यात दूधवाला आला नव्हता. मी म्हटलं, "सोडलंय. भरून चाललाय."

"बरं." ते उठले. "सायकल कुठे लावलीत?"

"कोपऱ्यावर."

"जपून जा."

मी कोपऱ्यापर्यंत चालत गेलो, वळलो, आणि रिक्षा केली. तो रस्ता एकेरी. रिक्षाला त्यांच्या दुकानावरूनच जावं लागतं, हे मला आत बसल्यावर सुचलं. मी आत सरकून बसलो, मान खाली घातली. रखमाजीराव पायरीवर येऊन उभे होते आणि कोपऱ्याकडे बघत होते, सायकलवाला जिथून येईल तिथे. रिक्षा जवळ आली. माणसाला तोंडाआधी खांद्यांवरून ओळखणारा तो माणूस. त्यांची नजर रिक्षावर आली, आतपर्यंत आली, आणि तिथे थांबली नाही. त्यांनी शांतपणे पाठ फिरवली, दाराशी पडलेलं एक कापड उचललं, आणि भिंतीकडे तोंड करून त्याची घडी घालू लागले. घडी झाली तेव्हा त्यांनी ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली. रिक्षा पुढे निघून जाईपर्यंत ते पाठमोरेच होते.